उकिरड्यापासून कंपोस्टपर्यंत : घरगुती कचऱ्याच्या खताचा सामाजिक इतिहास

सारांश

घरातील व परिसरातील कचऱ्याचे खत करणे हा आज शहरी पर्यावरणविचाराचा भाग मानला जातो. प्रत्यक्षात या क्रियेला दीर्घ इतिहास आहे. प्रस्तुत शोधनिबंधात महाराष्ट्र आणि मराठी भाषकांशी निगडित असलेल्या इंदूर संस्थानाच्या संदर्भात घरगुती कचऱ्याच्या खताचा इतिहास मांडला आहे. उकिरडा, सोनखत, इंदूर पद्धती, बंगलोर पद्धती, गोपुरीचे प्रयोग, नाडेप आणि आजचे शहरी खतनिर्माण हे त्या इतिहासाचे टप्पे होत. खताचे तंत्र ज्ञात असूनही शहरे कचऱ्याच्या डोंगरांखाली का गेली, या प्रश्नाचे उत्तर केवळ तंत्रात सापडत नाही, तर शेत, शहर आणि श्रम यांच्या तुटलेल्या संबंधांत सापडते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : उकिरडा, सोनखत, कंपोस्ट, इंदूर पद्धती, नाडेप, ओला कचरा, जातिव्यवस्था.

प्रस्तावना

मराठीत उकिरड्याला प्रतिष्ठा नाही. ज्या जागी टाकाऊ गोष्टी पडतात ती जागा, एवढाच या शब्दाचा आजचा अर्थ उरला आहे. कृषिजीवनात मात्र उकिरडा हे कुटुंबाच्या शेतीचे भांडार होते. केरवारा, चुलीतील राख, गोठ्यातील शेण, जनावरांनी खाऊन उरलेला कडबा, भाजीचे देठ आणि खरकटे हे सारे तेथे जमा होई आणि पावसाळ्यापूर्वी गाडीने शेतात जाई. घरात जे येते त्यातील बराचसा भाग मातीतून आलेला असतो आणि तो मातीलाच परत करावयाचा असतो, हा व्यवहार कोणत्याही घोषणेवाचून चालू होता.

हा व्यवहार पुढे खंडित झाला. तो कसा खंडित झाला आणि तो पुन्हा जोडण्याचे प्रयत्न कोणी, कोणत्या मर्यादांत केले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. घरगुती व गावातील कचऱ्यापासून खत करण्याच्या परंपरेचा आढावा घेणे.
२. विसाव्या शतकातील कंपोस्टच्या शास्त्रीय पद्धतींचा उगम व प्रसार तपासणे.
३. खतनिर्मितीच्या श्रमाचा जातिव्यवस्थेशी व स्त्रियांच्या कामाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
४. आजच्या शहरी खतनिर्माणाचे ऐतिहासिक मूल्यमापन करणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कृषिविषयक ग्रंथ, शासकीय अहवाल, नियमावली व चरित्रपर साहित्य यांतील माहितीचा आधार घेतला आहे.

पारंपरिक व्यवहार : उकिरडा आणि सोनखत

खताचे महत्त्व भारतीय कृषिपरंपरेला पूर्वीपासून ज्ञात होते. ‘कृषिपराशर’ या संस्कृत ग्रंथात माघ महिन्यात शेणाचा ढीग उकरून तो वाळवावा, फाल्गुनात शेतातील खड्ड्यांत घालावा आणि पेरणीच्या वेळी वापरावा, असा क्रम सांगितला आहे. ताजे शेण थेट न टाकता ते मुरू द्यावे, हे तत्त्व त्यामागे स्पष्ट दिसते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जमिनीच्या कसाचा प्रश्न राजकीय पातळीवर नेला. डोंगरावरील झाडांचा पालापाचोळा आणि जनावरांचे मलमूत्र पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येऊन जमीन सकस होत असे, हे त्यांनी नोंदविले. जंगलखात्याने कुरणे व डोंगर बंद केल्यामुळे शेतकऱ्याची जनावरे कमी झाली आणि खतही कमी झाले, ही कारणपरंपरा त्यांनी मांडली. पाणी अडवून सुपीक अंश शेतात मुरावा म्हणून ताली व बंधारे घालावेत, अशी त्यांची सूचना होती. जमिनीचा कस कमी होण्यास शेतकऱ्याचे अज्ञान नव्हे तर धोरण जबाबदार आहे, हा फुल्यांचा निष्कर्ष त्या काळात असाधारण होता.

फुल्यांच्या ग्रंथानंतर दहा वर्षांनी, १८९३ मध्ये, डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांचा भारतीय शेतीसुधारणेवरील अहवाल प्रसिद्ध झाला. शेतकरी शेण जाळतो ते आळसामुळे नव्हे, तर सरपण मिळत नाही म्हणून, असे त्यांचे निरीक्षण होते. शेण शेतात न जाता चुलीत का जाते, याचे उत्तर पुन्हा जंगलाच्या धोरणापाशीच येऊन थांबत होते. शेण आणि चूल यांच्यामध्ये उभी असलेली व्यक्ती म्हणजे घरातील स्त्री. शेण गोळा करणे, गवऱ्या थापणे, जमीन सारवणे आणि केर उकिरड्यावर नेणे ही कामे तिचीच होती. शेणाचे इंधन करावे की खत, याचा रोजचा निर्णय तिच्या हातून होत असे. मात्र कृषिविषयक लेखनात तिचा उल्लेख क्वचितच आढळतो.

शहरांतही हा व्यवहार पूर्णपणे अपरिचित नव्हता. मानवी मैल्यापासून राख व कचरा मिसळून केलेल्या खताला मराठीत ‘सोनखत’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे परिसरातील ऊसमळ्यांत अशा खताला मागणी होती. शहराने खाल्लेले अन्न अशा रीतीने मळ्यांकडे परत जात होते. येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. भाषेने ज्या खताला सोने म्हटले, ते खत डोक्यावर वाहणाऱ्या माणसाला समाजाने अस्पृश्य मानले. खत स्वीकारले गेले, पण ते तयार करणारा हात स्वीकारला गेला नाही. घरगुती कचऱ्याच्या इतिहासातील हा सर्वांत कठीण धागा आहे.

इंदूर पद्धती : हॉवर्ड आणि वाड

कंपोस्टच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ बहुधा सर अल्बर्ट हॉवर्ड (१८७३–१९४७) यांच्यापासून सांगितला जातो. हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. परिसरातील शेतकऱ्यांची पिके रासायनिक उपायांवाचून निरोगी राहतात, हे पाहून त्यांनी शेतकऱ्यांनाच आपले गुरू मानले. १९२४ मध्ये होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर इंदूर येथे वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली आणि १९३१ पर्यंत हॉवर्ड यांनी तिचे संचालन केले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या व १९३० मध्ये झालेल्या निधनापर्यंत त्या या संशोधनात सहभागी होत्या.

इंदूर पद्धतीचे मूळ सूत्र साधे आहे. काडीकचरा, पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचावयाचे, ओलावा राखावयाचा आणि हवा खेळती राहावी म्हणून ठरावीक अंतराने तीन वेळा उलथापालथ करावयाची. सुमारे तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत व दुर्गंधी नसलेले खत तयार होते. पारंपरिक उकिरड्यात उन्हाने नत्र उडून जात असे, पावसाने क्षार वाहून जात आणि माश्यांची पैदास होत असे. इंदूर पद्धतीने उकिरडा रद्द केला नाही, तर त्याला शिस्त लावली. कर्ब व नत्र यांचे प्रमाण, हवा आणि पाणी या तीन गोष्टींचा मेळ बसला की सूक्ष्मजीव आपले काम वेगाने करतात, हे त्यामागील शास्त्र होय. चीनमधील शेतकऱ्यांच्या खतव्यवहाराचे एफ. एच. किंग यांनी १९११ मधील ग्रंथात केलेले वर्णनही हॉवर्ड यांच्यापुढे होते.

या संशोधनाचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर दोन लेखकांची नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे संस्थेच्या रसायन विभागात साहाय्यक होते. हॉवर्ड इंग्लंडला परतल्यानंतरही हे काम थांबले नाही. संस्थेचे पुढील संचालक एफ. के. जॅक्सन आणि वाड यांनी १९३४ मध्ये मानवी वस्तीतील कचरा व मैला यांची इंदूर पद्धतीने विल्हेवाट लावण्याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेतातील काडीकचऱ्यासाठी तयार झालेली पद्धती येथे वस्तीच्या कचऱ्याला लागू करण्यात आली. आजच्या घरगुती व नागरी कंपोस्टचा थेट पूर्वज शोधावयाचा झाल्यास तो या कामात शोधावा लागतो. तरीही पुढील काळात हॉवर्ड यांचे नाव जगभर गेले आणि वाड यांचे नाव ग्रंथसूचीत राहिले.

हॉवर्ड यांचा १९४० मधील ग्रंथ, लेडी ईव्ह बाल्फर यांचे १९४३ मधील पुस्तक आणि १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेली सॉइल असोसिएशन यांतून सेंद्रिय शेतीची चळवळ पाश्चात्त्य देशांत उभी राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘सेंद्रिय’ हा विचार भारतात नव्याने आला, तेव्हा त्याचे एक मूळ माळव्यातील खड्ड्यात होते, याचे विस्मरण झाले होते.

बंगलोर पद्धती आणि शासकीय प्रयत्न

१९३९ च्या सुमारास बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. सी. एन. आचार्य यांनी नगरपालिकांसाठी दुसरी पद्धती विकसित केली. तीत शहराचा कचरा व मैला यांचे आलटून पालटून थर चरांत घालून वरून मातीने झाकले जात. उलथापालथीची आवश्यकता नसल्याने मजुरी कमी लागे. कुजण्यास मात्र अधिक महिने लागत. आरंभीच्या उष्णतेने रोगजंतूंचा बऱ्याच प्रमाणात नाश होत असे.

महायुद्धाच्या काळातील अन्नटंचाईमुळे १९४३ नंतर ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेत कंपोस्टला स्थान मिळाले. डिसेंबर १९४७ मध्ये दिल्ली येथे अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली. फाळणीच्या त्या भीषण दिवसांतही गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिकातून या विषयावर लिहिले. देश अन्नासाठी परदेशांकडे पाहत असताना गावोगावचे खत वाया जात आहे, ही त्यामागील चिंता होती.

गोपुरीचे प्रयोग आणि श्रमाचा प्रश्न

कोकणात या प्रश्नाला भिडणारे नाव म्हणजे सीताराम पुरुषोत्तम उर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१). १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. ब्राह्मण कैद्याला ते काम देण्यास तुरुंगाधिकाऱ्यांनी नकार दिला. अप्पांनी अन्न कमी केले आणि येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यासाठी उपोषण आरंभिले. पुढे १९४८ मध्ये अप्पांनी कणकवली येथे गोपुरी आश्रम स्थापन केला. तेथे मैल्यावर माती व पालापाचोळा टाकून त्याचे खत करणारे ‘सोपे संडास’, मृत जनावरांचा पूर्ण उपयोग आणि चर्मोद्योग यांचे प्रयोग झाले. मैला कोणालाही हाताने उचलावा लागू नये आणि त्याचे खत मात्र व्हावे, हा या प्रयोगांचा गाभा होता. याच दिशेने देहू येथे डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी संडासाला जोडलेल्या जैववायू संयंत्राचे कार्य केले.

या प्रवाहाला समांतर, परंतु भिन्न भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची होती. १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी हीनत्व लादणारी कामे सोडण्याचे आवाहन केले. सफाईच्या कामाला सेवेचे उदात्त रूप देऊन ते काम त्याच जातींकडे ठेवण्यावर १९४५ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी कठोर टीका केली. ज्याला पर्याय आहे त्याने झाडू हाती घेणे आणि ज्याला पर्यायच नाही त्याच्या हाती झाडू असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. अप्पासाहेबांच्या कृतीचे मोल मान्य करूनही ही टीका बाजूला सारता येत नाही. मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे करावे लागले, यावरून या प्रश्नाची खोली लक्षात येते.

नाडेप : विदर्भाची देणगी

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील गांधीवादी कार्यकर्ते ना. दे. पांढरीपांडे यांनी विकसित केलेली पद्धती त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशा विटांच्या टाक्याच्या भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवली जातात. काडीकचरा, शेणाचे पाणी आणि माती यांचे थर देऊन टाके भरले जाते व वरून लिंपून घेतले जाते. साधारण तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. इंदूर पद्धतीतील उलथापालथीचे काम येथे भिंतीच्या छिद्रांनी केले. तसेच सुमारे १०० किलो शेणात जवळपास दीड टन काडीकचरा कुजत असल्याने, ज्याच्याकडे एखादेच जनावर आहे अशा शेतकऱ्यालाही भरपूर खत मिळू शकते. शेण चुलीत जावे की शेतात, या व्होल्करकालीन पेचावर नाडेपने काढलेला हा व्यावहारिक मार्ग होता.

चक्र कोठे तुटले?

इतके ज्ञान उपलब्ध असताना शहरांचा कचरा शेतात का पोचला नाही, हा या अभ्यासाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याचे उत्तर मुंबईच्या पूर्व उपनगरात एकाच परिसरात पाहावयास मिळते. देवनार येथे १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जाऊ लागला. तेथून काही अंतरावर चेंबूर–तुर्भे भागात १९६० च्या दशकात रासायनिक खतांचा कारखाना सुरू झाला. एका बाजूस मातीचा अंश कचरा म्हणून साठत होता आणि दुसऱ्या बाजूस मातीसाठी नत्र कारखान्यात तयार होत होते. रासायनिक खताने धान्योत्पादन वाढविले, हे नाकारता येणार नाही; परंतु वाहतुकीस हलके आणि अनुदानामुळे स्वस्त असे पोते दाराशी आल्यावर शहराच्या ओल्या कचऱ्याचे ओझे वाहून नेण्याचे कारण शेतकऱ्याला उरले नाही.

दुसरा बदल कचऱ्यातच झाला. राख, पाला, खरकटे यांच्या जागी प्लॅस्टिकच्या पिशव्या, काच, विजेऱ्या आणि वेष्टने आली. १९७० च्या दशकात काही मोठ्या शहरांत उभारलेले यांत्रिक कंपोस्ट प्रकल्प पुढे बंद पडले, त्यामागे मिश्र कचरा व वाढता खर्च ही प्रमुख कारणे होती. काचेचे तुकडे असलेले खत कोणताही शेतकरी शेतात घेणार नाही, कारण त्या शेतात तो अनवाणी उतरतो.

तिसरा बदल अंतराचा होता. कचरा ‘शहराबाहेर’ गेला, म्हणजे प्रत्यक्षात दुसऱ्याच्या गावात गेला. पुण्याचा कचरा उरुळी देवाची व फुरसुंगी येथे पोचला आणि तेथील ग्रामस्थांना दूषित पाणी व दुर्गंधी यांविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलन करावे लागले. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीच्या धुराने मुंबईला आपल्या कचऱ्याची आठवण करून दिली. हवेशिवाय कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन वायू तयार होतो. जो पदार्थ खड्ड्यात थरांनी रचला तर खत होतो, तोच डोंगरात दाबला तर आगीचे कारण होतो.

पुन्हा घराकडे

१९९६ मध्ये अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेतून देशाच्या कचरा धोरणाला दिशा मिळाली. २००० मध्ये नागरी घनकचऱ्याचे नियम अधिसूचित झाले आणि २०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घातक असे वर्गीकरण घरातच करण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली. महाराष्ट्रात २०००–०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने खेड्यांत हा विषय चर्चेत आणला. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून घरच्या पाल्यापाचोळ्यापासून सुपीक माती तयार करून गच्चीवरही भाजीपाला पिकविता येतो, हे सामान्य माणसांना करून दाखविण्यास प्रवृत्त केले.

सदनिकेतील कुंडीत किंवा छिद्रे पाडलेल्या बादलीत भाजीचे देठ व वाळलेला पाला थरांनी घालणारी गृहिणी नकळत इंदूरचेच सूत्र वापरत असते. ओला भाग अधिक झाला तर दुर्गंधी येते, कोरडा पाला वाढविला की ती जाते. कर्ब, नत्र, हवा व ओलावा यांचा तोच मेळ येथे लहान प्रमाणात साधला जातो.

मात्र घरात कुजविलेल्या कचऱ्याचे मूल्य केवळ कुंडीतील तुळशीपुरते नाही. १९९३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचक स्त्रियांना कामगार म्हणून ओळख मिळवून दिली आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करारबद्ध झाली. या स्त्रियांपैकी बहुसंख्य दलित समाजातील आहेत. ओला कचरा घरातच वेगळा झाला की त्यांच्या हाती कोरडा व विकता येण्याजोगा माल येतो. तो मिसळला की त्यांना कुजलेल्या ढिगात हात घालावा लागतो. स्वयंपाकघरातील दोन डब्यांचा निर्णय हा अशा प्रकारे दुसऱ्या व्यक्तीच्या आरोग्याचा व प्रतिष्ठेचा निर्णय ठरतो.

निष्कर्ष

१. कचऱ्याचे खत करणे ही आयात कल्पना नसून येथील कृषिजीवनाचा अंगभूत व्यवहार होता. आधुनिक कंपोस्टशास्त्राने त्याला शास्त्रीय शिस्त दिली. त्या शास्त्राच्या घडणीत यशवंत वाड यांच्यासारख्या भारतीय संशोधकांचा वाटा मोठा असून त्याची पुरेशी नोंद होणे आवश्यक आहे.

२. तंत्राच्या अभावामुळे खतव्यवहार खंडित झाला नाही. जंगलधोरण, स्वस्त रासायनिक खत, मिश्र कचरा आणि कचरा दूर पाठविण्याची नागरी वृत्ती ही त्याची कारणे होत.

३. कचऱ्याच्या इतिहासातून जातीचा व स्त्रीश्रमाचा प्रश्न वगळल्यास तो इतिहास अपुरा राहतो. ‘सोनखत’ हा शब्द आणि ते वाहणाऱ्याचे अस्पृश्यत्व एकाच समाजात नांदले, हे विसरता येत नाही.

४. घरगुती खतनिर्माणाने शेत आणि घर यांचे तुटलेले नाते काही अंशी जोडले जाते. तथापि हिरव्या जीवनशैलीचे मोजमाप कुंडीत किती फुले आली यावर न करता, घरातून बाहेर जाणारा कचरा उचलणाऱ्याच्या वाट्याला काय आले यावर केले पाहिजे.

उकिरडा प्रत्येक घराचा स्वतःचा होता, हेच त्याचे खरे वैशिष्ट्य होते. आपला केर आपल्याच मातीत मुरविण्याची ती जबाबदारी नागरी समाजाने कालांतराने दुसऱ्यांच्या हातांवर आणि दुसऱ्यांच्या गावांवर सोपविली. ती परत घेणे हा कंपोस्टच्या इतिहासातील अपुरा राहिलेला भाग आहे.